गच्चीवालीचं ऊन

गिरणीचं इंजिन गेलं ते सगळ्यात आधी गच्चीवालीच्या तळपायांना कळलं.

ती तेव्हा गिरणीच्या गच्चीवर कुणाचा तरी धुतलेला गहू पायानं परतत होती. सकाळपासून स्लॅब नेहमीसारखा बारीक थरथरत होता. ती थरथर इतक्या वर्षांची होती की ती असते हेच तिला जाणवत नसे. मग खाली एक दणका झाला, काहीतरी खणखणत लांबवर घरंगळत गेलं, आणि पायाखालची गच्ची एकदम मुकी झाली. गव्हात उभी राहून तिनं पाऊल उचललं, पुन्हा टेकवलं. काही नाही. आपल्या पायातलं रक्तच थांबलं असं तिला वाटलं, आणि ती गहू तसाच टाकून जिना उतरली.

गच्चीवाली म्हणजे गिरणीवाल्याची आई. तिला नाव होतं, पण ते घेणारी माणसं आता राहिली नव्हती. लोक पिठासाठी धान्य धुऊन आणत आणि तिच्या हवाली करून जात. सपाट, उघडी, झाडाची सावली नसलेली एवढी मोठी गच्ची गावात दुसरी नव्हती. गोणपाटं उसवून, जोडून शिवलेलं तिचं एक थोरलं फडकं होतं. त्यावर धान्य पसरायचं, तासातासानं परतायचं, काठी घेऊन पाखरं हाकायची, आणि शेवटी एक दाणा दाढेखाली धरायचा. कट्‌ असा आवाज आला की ते खाली दगडाकडे जायचं. दाणा नुसता दबला, तर समोर गावातलं कितीही मोठं माणूस उभं असो, ती म्हणायची, उद्या या. गच्चीच्या दाराची किल्ली तिच्या गळ्यात दोऱ्याला असायची. नवऱ्यानं इंजिन आणलं त्याच वर्षी तिनं ही गच्ची धरली. नवरा गेला, इंजिन मुलाकडे आलं. गच्ची मात्र तिचीच राहिली.

मिस्त्री आला, त्यानं इंजिनाच्या पोटात हात घातला, बोट बाहेर काढून पुसलं आणि मान हलवली. मूळ अंगालाच तडा गेला होता. असली इंजिनं आता कुणी बनवत नव्हतं. विजेचे खांब गावात होते, पण वीज पाहुण्यासारखी यायची. यायची तेव्हाही दिव्याच्या तारेला लाली येईल एवढीच. तिच्या जोरावर दगड हलणं शक्य नव्हतं.

सुगी नुकतीच आटोपली होती. घराघरात नवं धान्य भरलेलं, आणि गिरणी बंद. गिऱ्हाईक एकदा पुलापलीकडच्या गिरणीला लागलं की परत येत नाही हे गिरणीवाल्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यानं एक हातगाडी मागून आणली आणि लोकांचं दळण गोळा करून स्वतःच पुलापलीकडे नेऊ लागला. पुढून तो ओढायचा, मागून त्याची बायको रेटायची. पुलाच्या चढावर गाडी मागे यायला लागली की ती चाकाला दगड लावायची आणि दोघं तिथंच धापा टाकत उभी राहायची. संध्याकाळी ती परत आली की सून भिंतीला पाठ टेकवून तशीच बसायची. तिच्या तळहातांची सालं निघाली होती. गच्चीवाली त्यांना तेल लावायची.

पुलापलीकडचा गिरणीवाला त्यांना मुद्दाम शेवटी घ्यायचा. त्याची गिरणी मोठी, माणूस त्याहून ऐसपैस. आलेल्या गिऱ्हाइकांना तो म्हणायचा की बघा, दुसऱ्या गिरणीचे मालक आपल्या रांगेत उभे आहेत, त्यांना पाणी वगैरे विचारा. लोक हसायचे. सून मान खाली घालायची. गिरणीवाला मात्र हसणाऱ्यांकडे पाहून हसायचा, कारण त्याला ते ऐकूच गेलेलं नसायचं.

हे एक सांगायला हवं. इंजिनाशेजारी उभं राहून त्याचे कान गेले होते. पार नाही, पण निम्म्याहून जास्त. घरात सगळे त्याच्याशी आणि त्यामुळे एकमेकांशीही ओरडूनच बोलत. इंजिन चालू होतं तोवर हे कुणाला कळलं नाही. ते बंद पडलं, आणि या घरातली कुजबूजसुद्धा चौकापर्यंत जायला लागली. गच्चीवालीनं सुनेला खासगीत विचारलं की आज शिळं चालेल का, तर समोरच्या सुतारानं त्याच्या ओट्यावरून उत्तर दिलं की चालेल, पण आम्हाला नको.

अशातच शाळेच्या बाईंनी सोलरची गोष्ट काढली.

बाई बारीक आवाजाच्या, पण चिकाटीच्या. त्यांचं म्हणणं होतं की गावानं मिळून शाळेवर, दवाखान्यावर आणि गिरणीवर सूर्याच्या पाट्या बसवाव्यात. ज्याला जमेल त्यानं पैसे द्यावेत, ज्याला जमणार नाही त्यानं अंगमेहनत द्यावी, आणि आलेली वीज सगळ्यांची. सुरुवात गिरणीपासून करायची, कारण पीठ सगळ्यांनाच लागतं आणि गच्ची सगळ्यात मोठी. गिरणी चालली की लोक दवाखान्यासाठी आपणहून देतील. नाही चालली, तर दवाखान्याचं नावसुद्धा कुणी काढू देणार नाही, हे बाईंनी तोंडावरच सांगितलं. दवाखान्यातली नर्स शेजारी बसली होती. लसी थंड ठेवायला ती बर्फ आणायला रोज सायकलवरून जायची. ती नुसती गिरणीवाल्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

गिरणीवाल्यानं दोन्ही हात कानामागे धरून सगळं ऐकलं आणि हो म्हणाला. एवढंच नाही, आपला वाटा म्हणून त्यानं इंजिन मोडीत काढायचं कबूल केलं. गच्चीवाली दाराशी उभी होती. ऊन दगड फिरवणार, हे ऐकून ती मोठ्यानं हसली होती. आयुष्यभर ऊन तिच्या डोक्यावर होतं. त्यानं कधी एक टोपली उचलून दिली नव्हती. पण इंजिनाचं ऐकून तिचं हसू गेलं.

घरी आल्यावर ती मुलाला म्हणाली, "गच्चीवर पाट्या बसल्या तर मी कुठं बसायचं?"

"आई, तू आता आराम कर."

तो मायेनं बोलला होता हे तिला कळत होतं. तरी ते तिला लागायचं ते लागलंच. आजवर कुणी तिला थांब म्हटलं नव्हतं. ती स्वतःच लोकांना थांब म्हणत आली होती. त्या दिवशी ती जेवली, भांडी घासली, आणि किल्ली गळ्यातून काढून हातात धरून बसून राहिली.

इंजिन न्यायला माणसं आली तेव्हा तिनं पाहिलं नाही. घणाचे घाव तेवढे ऐकले. सगळं गेलं, मोठं चाक मात्र राहिलं. ते कुणाला हलेना. त्यांनी ते दारापाशी आडवं टाकलं, आणि दळणाला येणाऱ्यांना बसायला जागा झाली. धूर बाहेर सोडणारी नळी काढली तिथं स्लॅबला आरपार भोक राहिलं. खाली दगडाशी उभं राहून वर पाहिलं की त्यातून आभाळाचा एक तुकडा दिसायचा.

पाट्या आल्या त्या दिवशी गाव लोटलं. जिना अरुंद, वळणाचा. म्हणून माणसं पायरीपायरीवर उभी राहिली आणि एकेक पाटी हातोहात वर गेली. एरवी बांधावरून डोकी फोडणारे दोघे भाऊ त्या दिवशी एका पायरीवर खांद्याला खांदा लावून उभे होते, आणि सावकाश रे, सावकाश, असं एकमेकांना समजावत होते. सुतारसुद्धा ओट्यावरून उठून आला. तान्हं मूल द्यावं घ्यावं तशी ती काळी काच या हातातून त्या हातात जात होती. गच्चीवाली जिन्याच्या तोंडाशी दार धरून उभी होती. गाव एवढं हळू बोलू शकतं हे तिनं पहिल्यांदाच पाहिलं. आतून राग होता, तरी तिचा ऊर भरून आला.

शहरातून आलेला फिटर तरुण होता, कमरेला पट्टे, खिशात पेचकस. तो तिला मावशी म्हणायचा. त्यानं चौकटी उभ्या केल्या, त्यावर पाट्या किंचित कलत्या ठेवून घट्ट केल्या, आणि काम चालू असेपर्यंत सगळ्या पाट्या पुठ्ठ्यांनी झाकून ठेवल्या. का झाकल्या हे त्यानं सांगितलं नाही, तिनं विचारलंही नाही. पाट्यांना झाकणं चालतं एवढंच तिच्या मनात राहिलं. शेवटच्या दिवशी खाली मोटर बसवून पट्टा चढवेपर्यंत ऊन उतरलं होतं. उद्या सकाळी सगळ्यांसमोरच चालू करू, असं म्हणून त्यानं पुठ्ठे काढले. निघताना त्यानं बजावलं की आता वर कुणी जायचं नाही. गच्चीवालीनं मान डोलावली. किल्ली त्यानं मागितली नाही, आणि तिनं दिली नाही.

सकाळी उजाडता उजाडता शेजारीण मागच्या दारानं आली. तिच्या हातात धुतलेल्या गव्हाची टोपली होती. अंगणात वाळवला तर त्यात खडे आले, घरचे दात खाऊन ओरडतात, असं तिनं सांगितलं, आणि मग गच्चीवालीच्या दंडाला हात लावून म्हणाली की तुझ्यासारखं कुणाला जमत नाही बघ. इतक्या दिवसांत गच्चीवालीकडे कुणी काही मागितलं नव्हतं. तिनं टोपली घेतली, फडकं काखेत मारलं आणि वर जाऊन आतून कडी घातली.

वर गेली तर गच्चीवर ऊनच नव्हतं. होतं ते सगळं पाट्यांनी घेतलेलं. खाली त्यांची सावली. दोन रांगांमध्ये तेवढी एक उन्हाची चिंधी, माणूस आडवं होईल एवढी. ती रांगांमधून फिरली. स्वतःच्याच घरात पाहुणी झाल्यासारखं तिला वाटलं. मग तिनं एका पाटीवर तळवा टेकवला आणि झटकन मागे घेतला. ऊन वर यायच्या आतच काच तापायला लागली होती. गुळगुळीत, स्वच्छ, खडा नाही, माती नाही. वाळवणाला अशी जागा तिनं जन्मात पाहिली नव्हती.

ऊन यांनी घेतलं ना, मग आपण यांच्यावरच वाळवू, असं ती मनाशी म्हणाली. यात थोडा खवचटपणा होता, नाही असं नाही. पण आपण काही बिघडवतोय हे तिच्या मनाला शिवलंही नाही. काम तर तारांमधून, खाली डब्यात चालतं. वरून काही ठेवलं तर काय होणार? इतके दिवस पुठ्ठे ठेवलेच होते. तिनं फडकं पुढच्या अख्ख्या रांगेवर ताणलं, कोपरे चौकटींना बांधले आणि ओला गहू हातानं पातळ पसरला. कलतं होतं, तरी गोणपाटाला ओला दाणा धरून राहिला. मग ती काठी घेऊन कठड्यापाशी बसली.

खाली गाव जमत होतं. तिला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. बाई आल्या, नर्स आली, दोघे भाऊ आले आणि आज वेगवेगळ्या कोपऱ्यांत उभे राहिले. पुलापलीकडचा गिरणीवालाही आला. गाडी सावलीला लावून तो दारातल्या मोठ्या चाकावर बसला, जसं काही ते त्याच्यासाठीच ठेवलं होतं. सून धुतलेल्या कपड्यांत, हात पुसत, आतबाहेर करत होती. गिरणीवाल्यानं दगडाला टाकी मारून नवी धार काढली होती, पट्ट्यावरून तीनतीनदा हात फिरवला होता. त्याच्या चेहऱ्यावर असा उजेड तिनं त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

फिटरनं बटण दाबलं. मोटर गुणगुणली, दगड एक गिरकी घेतल्यासारखा हलला, कण्हला आणि थांबला.

त्यानं पुन्हा दाबलं. तेच. तो डब्यावरचे आकडे बघायला लागला, मग त्यानं बाहेर येऊन आभाळाकडे बघितलं. आभाळ निरभ्र. तो तारांचे जोड तपासत गुडघ्यांवर बसला, आणि त्याच्या मानेवरून घाम ओघळताना लोकांनी पाहिला. सुतार म्हणाला की सूर्य नवीन आहे, त्याला गाव अजून ओळखीचं नाही. थोडं हसणं झालं. मग एक जण म्हणाला, आपण बुडालो. ते मात्र कुणी हसण्यावारी नेलं नाही. बाई सांगायला लागल्या की थोडा धीर धरा, पण त्यांचा बारीक आवाज त्या गलक्यात गेला. नर्स सायकल घेऊन निघण्याच्या बेतात भिंतीशी उभी होती. फिटरनं गच्चीची किल्ली मागितली. किल्ली म्हातारीकडे, आणि म्हातारी कुठं आहे ते कुणालाच माहीत नव्हतं.

तेवढ्यात पुलापलीकडचा चाकावरून उठला. त्यानं गिरणीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "इंजिन तर विकून खाल्लंस. आता माझ्याकडे ये. पोती उतरवायला माणूस हवाच आहे. बायकोलाही आण, झाडलोट करील."

गिरणीवाला त्याच्याकडे पाहून हसला. मोठ्या मनाचा माणूस, धीर द्यायला आला, असं समजून त्यानं त्याचा हात दोन्ही हातांत घेतला.

हे गच्चीवालीनं वरून पाहिलं. सुनेचं तोंड पाहिलं. त्या क्षणी तिला काय झालं ते सांगणं कठीण. आपला मुलगा चुकला असेल, फसला असेल, पण त्यानं त्या माणसाचा हात असा धरावा हे तिच्यानं बघवेना. खाली जायचं आणि त्याला चार शब्द ऐकवायचे म्हणून ती उठली. गहू असा उघडा टाकून गेलं तर पाखरं खातील. म्हणून रागारागात तिनं फडक्याच्या गाठी सोडल्या, एका टोकाकडून गहू टोपलीत भरून चौकटीखाली सरकवला आणि अख्खं फडकं ओढून घेतलं.

आणि गच्ची थरथरली.

तिला वाटलं आपले पाय कापतायत. रागानं कापत असतील. तिनं पाय रोवून उभं राहून पाहिलं. थरथर खालून येत होती, तळव्यांतून घोट्यांत, घोट्यांतून गुडघ्यांत. तीच ती. बारीक, एकसारखी, ओळखीची. खाली दगडाची घरघर ऐकू आली आणि माणसांचा मोठा गलका झाला.

हातातलं फडकं तिनं न कळत पुन्हा पाट्यांवर टाकलं. थरथर मंदावली, विझली. गलकाही विझला. तिनं फडकं उचललं. थरथर परत आली.

गच्चीवाली तशीच उभी राहिली. फडक्याचं टोक तिच्या मुठीत होतं आणि अंगावर काटा आला होता. तिनं मान वर करून सूर्याकडे बघायचा प्रयत्न केला, डोळे दिपले, पाणी आलं. किती वर्षं ती याच्याखाली बसली होती. त्यानं तिची कातडी रापवली, केस पांढरे केले, गावाचं धान्य वाळवलं, आणि संध्याकाळी मुकाट्यानं निघून गेला. आणि याच्या अंगात एवढं बळ होतं? तिच्या नवऱ्याला जे इंजिन हँडल मारून मारून चालू करताना छातीत कळ यायची, त्याचं काम हा नुसता पडल्या पडल्या, आवाज न करता, धूर न सोडता करत होता. तेही काचेला नुसता हात लावून. आणि तिच्या फाटक्या गोणपाटानं त्याला अडवलं होतं. तिला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा मोठं असं काहीतरी वाटलं, ज्यानं हात जोडावेसे वाटत होते पण हातात फडकं होतं.

खाली सुतार म्हणत होता की हे यंत्र लहरी दिसतंय, मनात आलं तर चालतं. पुलापलीकडचा म्हणाला की लहरी नोकर आणि लहरी यंत्र, दोन्हीच्या भरवशावर घर चालत नाही. लोकांच्या माना हलल्या. फिटर डब्यावरचे आकडे पुन्हा पुन्हा पाहत होता.

गच्चीवालीच्या लक्षात आलं की आपण फडकं घेऊन गुपचूप बसलो तर कुणाला काही कळणार नाही. गिरणी चालेल. पण लोक म्हणतील, आज बंद पडली, उद्याही पडेल. दवाखान्यासाठी कुणी हात पुढे करणार नाही. आणि सांगितलं तर एवढ्या माणसांत तोंड काळं होणार, आणि गच्ची कायमची जाणार. ती थोडा वेळ तिथं उभी राहिली, फार नाही.

मग ती कठड्यापाशी आली आणि त्या घराच्या सवयीच्या आवाजात, म्हणजे चौकापर्यंत जाईल असं, ओरडली, "यंत्र चांगलं आहे. मी बंद पाडलं होतं."

सगळ्यांच्या माना वर झाल्या. सुनेनं कपाळाला हात लावला.

"यावर गहू वाळत घातला होता मी. या फडक्यावर. आता बघा."

तिनं फडकं दोन्ही हातांनी डोक्यावर धरून सगळ्यांना दाखवलं. मग मागे वळून ते पाट्यांवर पसरलं. खाली दगड कण्हत थांबला. तिनं ते ओढलं. दगड फिरायला लागला. तिनं पुन्हा पसरलं, पुन्हा ओढलं. या वेळी खाली कुणीही हसलं नाही. कुणीतरी टोपी काढून आभाळाकडे पाहिलं, मग दुसऱ्यानं पाहिलं, आणि मग सगळं गाव डोळ्यांवर हात धरून सूर्याकडे पाहत उभं राहिलं, जसं तो आज पहिल्यांदाच उगवला होता. पुलापलीकडचाही पाहत होता. त्याचं तोंड उघडं राहिलं होतं.

फिटर जिना चढून आला आणि त्यानं दारावर थापा मारल्या. तिनं कडी काढली. तिला वाटलं तो ओरडेल. तो दारातच बसला, दोन्ही हातांनी तोंड झाकून हसला की रडला ते कळलं नाही. म्हणाला, "मावशी, मी तारा कापायला निघालो होतो."

त्याच्या मागून गिरणीवाला आला. त्याला अर्धं ऐकू आलं होतं, अर्धं सुनेनं कानात ओरडून सांगितलं होतं. गच्चीवालीनं गळ्यातला दोरा काढला आणि किल्ली त्याच्यापुढे धरली.

त्यानं किल्ली घेतली. मग तो खाली बसला आणि स्लॅबवर तळहात टेकवला. इंजिन असतं तर त्याला हे कळायला हात टेकवावा लागला नसता. इंजिन त्याच्या हाडांत वाजायचं. ही मोटर इतकी मऊ होती की शेजारी उभं राहूनही त्याला ती ऐकू आली नव्हती. दगड चाललाय की थांबलाय, हे त्याला पिठाकडे बघून कळत होतं, आणि तोवर वरून धान्य पडत राहायचं.

त्यानं फिटरला विचारलं की ढग आला तर काय होईल. फिटर म्हणाला, वेग कमी होईल, मग थांबेल. ढग गेला की आपोआप चालू होईल. आवाज उतरला की धान्य बंद करायचं, एवढंच. गिरणीवाला फिटरच्या ओठांकडे पाहत होता. आवाज हा शब्द त्यानं ओठांवरून ओळखला. त्याचा चेहरा पडला. आपल्याला तो आवाज उतरलेला कळणार नाही, दगडात दाणे अडकून बसतील, हे त्यानं मान्य करायला वेळ लावला नाही.

"आई," तो म्हणाला, "मला खाली ढग कसा दिसणार?"

गच्चीवालीची नजर स्लॅबच्या त्या भोकावर गेली, जिथून धुराची नळी जायची. ती उठली, पाखरांच्या काठीला बांधलेली दोरी सोडली, तिच्या टोकाला आपल्या फडक्याची चिंधी बांधली आणि भोकातून खाली सोडली. दोरी बरोबर दगडाच्या वर, धान्य पडतं तिथं, त्याच्या नाकासमोर येईल अशी लोंबली. दोरी ताणली की धान्य बंद, सैल सोडली की चालू, असं सांगून तिनं ती एकदा हिसडून दाखवली. खाली सून मोठ्यानं ओरडली, दिसलं.

गिरणीवाल्यानं किल्ली तिच्या हातात परत ठेवली आणि तिची मूठ मिटली. तो काही बोलला नाही. त्याला बोलताना स्वतःचा आवाज किती होतो हे कळत नसे, आणि हे त्याला चौकापर्यंत जायला नको होतं.

त्या दिवशी दुपारपर्यंत दगड थांबला नाही. पीठ गरम, मऊ पडत होतं आणि लोक ते चिमटीत घेऊन वास घेत होते. सुतारानं चिमूट जिभेवर ठेवली आणि पहिल्यांदाच त्याला काही बोलायला सुचलं नाही. नर्स सायकल भिंतीला लावून रांगेत येऊन बसली. दोघे भाऊ बाईंपाशी आले आणि एकमेकांकडे न बघता म्हणाले की दवाखान्याच्या पाट्या चढवायला आम्ही आहोत. पुलापलीकडचा कधी निघून गेला ते कुणी पाहिलं नाही.

दुपार कलताना गच्चीवालीला दूर शेतांवर एक काळा डाग दिसला. ढगाची सावली होती. ती बांधामागून बांध ओलांडत, झाडं गिळत, चालत येत होती. आयुष्यात हजार वेळा अशी सावली तिच्यावरून गेली असेल. तिनं कधी मान वर केली नव्हती. आज ती दोरी धरून उभी राहिली आणि तिच्याकडे रोखून पाहत राहिली. सावली पुलावर आली, शाळेवर आली, सुताराच्या ओट्यावर चढली. तिनं दोरी हिसडली आणि ताणून धरली. खाली धान्याची धार बंद झाली. पाट्यांवरचं तेज गेलं, थरथर हळूहळू तळपायांतून उतरली आणि दगड थांबला.

खाली रांगेतली माणसं वर बघत बसली. कुणी घाई केली नाही. पाखरंसुद्धा कठड्यावर येऊन बसली आणि तिनं त्यांना हाकललं नाही.

खालून शेजारणीनं विचारलं, "काकू, माझा गहू वाळला का?"

गच्चीवालीनं दोन रांगांमधल्या उन्हाच्या चिंधीत पुन्हा पसरलेल्या गव्हातला एक दाणा उचलून दाढेखाली धरला. तो नुसता दबला. तेवढ्यात शाळेच्या कौलांवर ऊन परत येताना दिसलं, आणि मग तिच्या टाचेला बारीक कंप जाणवला.

"नाही अजून," ती म्हणाली. "थांब. आधी या उन्हाचं दळण होऊ दे."

आणि तिनं दोरी सैल सोडली.